नवा जबडा

"हा तुमचा जबडा," असं म्हणून डॉक्टर श्रियांनी ते पांढरं प्लॅस्टिक माझ्या हातात दिलं.

वजनाला खेळण्यासारखं हलकं, बोटांना जरा खरखरीत. दात, डोळ्यांच्या खोबण्या, गालाची हाडं, सगळं होतं. स्कॅन काढून तो कॉम्प्युटरवर चढवला होता आणि मग मशिनने थरावर थर देत माझं हाड जसंच्या तसं छापून काढलं होतं. माणूस मेल्यावर जे दिसायचं ते मी ठाण्यातल्या एका एसी केबिनमध्ये, मांडीवर पर्स घेऊन, जिवंतपणी बघत बसले होते.

"डावीकडे हा सांधा दिसतोय? ही गोटी या खोबणीत फिरते, म्हणून तोंड उघडतं. आता उजवीकडे बघा. इथे गोटीच राहिली नाहीये. जबडा वर कवटीला चिकटून एकच हाड झालंय." डॉक्टरांनी पेनाचं टोक तिथे टेकवलं. "लहानपणी हनुवटीवर जोरात मार बसला होता का?"

मी काही म्हणायच्या आत शेजारच्या खुर्चीतून आई बोलली. "झोक्यावरून पडली हो. नऊ वर्षांची होती. दोरी तुटली."

"दादाने लाथ मारली," मी दातांतून म्हटलं.

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. माझे ओठ हलायचे, पण दात एकमेकांवर बसलेले, त्यामुळे बाहेर नुसता घुमारा यायचा. सवय नसलेल्या माणसाला काही कळायचं नाही. त्यांनी मला नाही, आईला विचारलं, "काय म्हणताहेत?"

"दोरी जुनी होती म्हणत्येय," आई म्हणाली.

बघा. माझ्यासमोर, माझ्या कवटीवर हात ठेवून. चौतीस वर्षं हेच चाललेलं. माझं तोंड बंद म्हणून आई माझी दुभाषी, आणि दुभाषीच खोटारडी.

झालं होतं ते असं. आम्ही तेव्हा कोपरला चाळीत राहायचो. सहदेवदादा चौदा वर्षांचा. शाळा बुडवून रेतीबंदरावर पत्ते खेळायला जायचा, ते मी बाबांना सांगितलं. बाबांनी त्याला पट्ट्याने फोडला. दुसऱ्या दिवशी मी मोरीत उकिडवी बसून भांडी घासत होते. तो आला, माझ्यासमोर उभा राहिला, "परत सांगशील?" म्हणाला आणि खालून हनुवटीवर लाथ घातली. बास, इतकंच. एक लाथ. आई दारातच उभी होती, तिने पाहिलं. बाबा कामावरून आले तेव्हा मात्र मी झोक्यावरून पडले होते. मुलगा एकुलता एक, दहावी जवळ आलेली, बाबांचा हात वाईट. आईने हे सगळं तोलून पाहिलं असणार, आणि मी तागडीत हलकी भरले.

त्यात हाडवैद्याने घोळ घातला. त्याने माझा जबडा डोक्यावरून फडक्याने आवळून बांधला आणि अजिबात हलवू नका म्हणून बजावलं. आईने ते इतकं मन लावून पाळलं की फडकं सुटलं तेव्हा तोंड उघडेचना. मोडलेला सांधा हलवत राहायचा असतो, नाहीतर तो जागच्या जागी गोठतो, हे मला आता डॉक्टर श्रियांकडून कळलं. तेव्हा सगळे म्हणाले, होईल हळूहळू. पुढे समोरचा एक दात काढून घेतला आणि त्या फटीतून मी जेवायला लागले. जेवायला म्हणजे प्यायला. कण्या, वरण, ताकात कालवलेलं काहीही. चाळीतली पोरं मला दातखिळी म्हणायची. हनुवटी वाढलीच नाही. बघायला आलेल्या मंडळींपुढे आई माझ्या हातचे पोहे ठेवायची आणि मंडळी पोहे खाऊन जायची.

मी शिवण शिकले. कोपर स्टेशनजवळ फॉल-पिकोचा एक गाळा आहे, तिथे अजून बसते. बायका साडी टाकायला येतात आणि मन मोकळं करून जातात. तोंड न उघडणाऱ्या बाईपुढे लोक काहीही बोलतात. कुणाची सून कुठे जाते, कुणाचा नवरा कसा, अर्ध्या कोपरचं मला माहीत आहे. मी ऐकते आणि मशिन चालवते.

आणि दादा? दादा वर गेला. आधी रिक्षा युनियन, मग रेती, मग बिल्डर लोकांबरोबर उठबस. आता मानपाड्याला टॉवरमध्ये दोन फ्लॅट, दारात पांढरी गाडी, आणि चौकाचौकात फ्लेक्सवर हात जोडलेला सहदेवभाऊ. महापालिकेचं तिकीट या वेळी मिळणार म्हणून त्याची माणसं आत्तापासूनच मिरवतात.

ऑपरेशनचं त्यानेच जमवलं. गाळ्यावर आला, स्टुलावर बसला. "अगं शालू, आता टेक्नॉलॉजी आलीय. थ्रीडी प्रिंटिंग. तुझ्या मापाचा सांधा बनवतात. मी बोललोय ट्रस्टवाल्यांशी. तू टेन्शन नको घेऊस."

मी मान हलवली. त्याला वाटलं, बहीण भारावली. मी वेगळाच विचार करत होते. मला तोंड परत हवं होतं, पण हसायला नाही, आणि खरं सांगते, खायलाही नाही. मला एक वाक्य म्हणायचं होतं. चारचौघांत, मोठ्याने, आईने अर्थ न सांगता. लोक याला न्याय वगैरे म्हणतील. मला सूड हवा होता. आणि तो त्याच्याच खटपटीने मिळतोय म्हटल्यावर तर मला गुदगुल्याच झाल्या.

त्या केबिनमध्ये मला एका गोष्टीचा राग आला तो मशिनचा. हाड कुठे मोडलं ते तिने बरोबर दाखवलं होतं. कुणी मोडलं ते दाखवता येत नव्हतं. मी डॉक्टरांना लिहून विचारलं, पडलं की मारलं हे यावरून कळतं का? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "नाही हो. हनुवटीवर जोर आला एवढंच कळतं," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "तुम्हाला काही सांगायचंय का?" आई बाजूलाच होती. मी नाही म्हणून मान हलवली. एका डॉक्टरला कागदावर सांगून काय होणार? मला माणसं हवी होती. भरपूर.

ऑपरेशन जुलैमध्ये झालं. टायटॅनियमचा सांधा, वर खोबणीच्या जागी खास प्लॅस्टिक, आणि हाड नेमकं कुठे कापायचं ते दाखवणारे साचेसुद्धा त्यांनी छापून घेतले होते. डॉक्टर समजावत होत्या आणि मला ते लगेच कळलं. आम्हीपण ब्लाऊजचा कागद आधी बेतून घेतो, तो कापडावर ठेवतो आणि त्याच्या कडेने कातर चालवतो. फरक इतकाच की कापड ओरडत नाही.

मी शुद्धीवर आले तेव्हा कानापासून गळ्यापर्यंत पट्ट्या होत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर श्रिया आल्या आणि म्हणाल्या, "आ करा."

मी केला. झाला. आत हवा शिरली, थंडगार, टाळूला लागली. मी रडले. तेवढ्या वेळापुरती मी सूडबीड सगळं विसरले होते, खोटं कशाला बोलू.

पण नवा सांधा बसवला की काम झालं असं नसतं. चौतीस वर्षं न हललेले स्नायू, ते काय आपण होऊन जागे होतात? आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत करून दातांत सरकवायची आणि तशीच धरून बसायचं. मग मध्ये आणखी एक काडी घुसवायची. डोळ्यांतून पाणी यायचं, कानात ठणका मारायचा. आई म्हणायची, "राहू दे गं आज." मी राहू दिलं नाही. फडकं सुटल्यावर तोंड उघडेना, तेव्हाही तिने असंच राहू दिलं होतं. मी काडी घुसवायचे आणि मनात म्हणायचे, सहदेव, ही तुझी.

बोलायचंही शिकावं लागलं. बाकीचे आवाज लवकर जमले. 'ला' जमेना. त्याला जबडा चांगला खाली यावा लागतो, आणि माझ्या वाक्यात तर तोच मोठा. मी आरशासमोर बसून म्हणायचे, लाथ. लाथ. लाथ. शेजारच्या हौसाबाई एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "शालू, कुणाला गं घालत्येस?" मी म्हटलं, "आहे एक." त्या खूप हसल्या. त्यांना माझं बोलणं कळलं, आईला न विचारता कळलं.

आई घरात आता गप्प गप्प असायची. मी काही बोलले की तिच्या ओठांची नुसती चाळवाचाळव व्हायची, जुनी सवय. मग तिच्या लक्षात यायचं की गरज नाही. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसायची आणि मला बरं वाटायचं.

दिवाळीच्या आधी दादाचा रवींद्र आला. दादाच्या ऑफिसात बसणारा, सगळे कार्यक्रम हाच बघतो. "ताई, भाऊंनी सांगितलंय, यंदा सामूहिक भाऊबीज. मानपाड्याच्या मैदानावर. वॉर्डातल्या सगळ्या भगिनी भाऊंना ओवाळणार. सगळ्यात पहिलं तुमचं औक्षण. आणि तुम्ही दोन शब्द बोलायचे. मी लिहून आणलेत."

त्याने कागद दिला. 'माझ्या भावाने मला हास्य दिले' अशी सुरुवात होती.

"पाठ करते," मी म्हटलं.

"सुपर, ताई. काय क्लिअर बोलता तुम्ही आता."

तुम्ही म्हणाल, इतका हुशार माणूस, त्याने बहिणीच्या हातात माईक कसा दिला? पण त्याच्या लेखी ती लाथ उरलीच नव्हती. झोक्याची गोष्ट त्याने इतक्या वेळा ऐकली आणि सांगितली होती की त्याला दोरीचा रंगसुद्धा आठवत असेल. आणि मी काय बोलणार? मी तर कधीच काही बोलले नव्हते.

भाऊबीजेच्या सकाळी रिक्षा मानपाडा रोडला वळली आणि मला फ्लेक्स दिसला. मधे दादा. एका बाजूला माझं जुनं तोंड, दुसऱ्या बाजूला नवं. खाली 'भाऊ असावा तर असा'. माझं ते वाकडं, हनुवटी नसलेलं तोंड, जे मी आरशात कधी नीट पाहिलं नाही, ते त्याने खांबावर टांगलं होतं. मला विचारलंही नव्हतं. आत थोडीफार दयामाया शिल्लक असलीच तर ती तिथेच संपली.

मैदान बायकांनी फुललं होतं. रांगा लागल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात ताट, निरांजन वाऱ्यापासून आडोशाला धरलेलं. स्टेजवर सजवलेल्या चौरंगावर दादा बसला होता. पिवळा कुर्ता, डोक्यावर टोपी. आई पहिल्या रांगेत. रवींद्र माईकवर ओरडून झाल्यावर म्हणाला, "आता भाऊंच्या भगिनी, शालूताई, दोन शब्द बोलतील, आणि मग पहिलं औक्षण."

मी ताट टेबलावर ठेवलं. माईक घेतला. जबडा एकदा उघडून मिटून पाहिला.

"मी शालू," मी म्हटलं. "चौतीस वर्षं माझं तोंड बंद होतं. सगळ्यांना माहीत आहे की मी झोक्यावरून पडले. मी झोक्यावरून पडले नाही. आमच्याकडे झोका कधी नव्हताच. माझ्या तोंडावर सहदेवने लाथ मारली. मी नऊ वर्षांची होते. आईने पाहिलं होतं."

काय सुरेख आला 'ला'. मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेला.

सगळं थांबलं. रांगेतल्या बायका ताटं धरून तशाच उभ्या राहिल्या. दादाच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला. त्याला आठवलं होतं. मोरी, भांडी, सगळं. तेवढा एक क्षण माझा होता. मी तो पोटभर घेतला.

आणि मग तो उठला.

तो चिडेल, माईक हिसकावेल, रवींद्रला खुणावेल, मी सगळ्याची तयारी करून आले होते. त्याने यातलं काही केलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, माझ्यासमोर आला आणि गुडघ्यांवर बसला. रवींद्रने लगबगीने दुसरा माईक त्याच्या तोंडाशी नेला. सवय असते त्यांना.

"आयांनो, बहिणींनो," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "माझी बहीण खरं बोलत्येय. मी चौदा वर्षांचा पोरगा होतो. माझ्या हातून पाप झालं. इतकी वर्षं मला झोप लागलेली नाय. म्हणून मी हे ऑपरेशन केलं. आज भाऊबीजेला तिच्याकडे ओवाळणं मागत नाय. माफी मागतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. कदाचित खरंही असेल. पण बायकांचं बघायला हवं होतं. पुढची रांग पदर डोळ्यांना लावत होती. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या लोकांत कबूल केलं बघा." दुसरी म्हणाली, "कोण करतं हो आजकाल?" माझी लाथ माझ्या हातातून गेली होती. त्याने ती उचलली आणि स्वतःच्या गळ्यात हार घालावा तशी घालून घेतली. आता त्याचं तिकीट पक्कं. मी इतक्या काड्या दातांत घुसवल्या त्या याच्यासाठी.

"शालू," तो म्हणाला. "माफ केलं, एवढं बोल."

"करा हो ताई माफ," खालून आवाज आला. मग आणखी. "सणाचा दिवस आहे. ओवाळा त्यांना." टाळ्या सुरू झाल्या, ठेका धरून, लहान मुलाला पहिलं पाऊल टाकायला लावतात तशा. आई पायऱ्या चढून वर आली होती. तिने माझ्या हातातला माईक धरला आणि म्हणाली, "केलं हो तिने. ती म्हणत्येय की..."

"मी काही म्हटलेलं नाही, आई," मी म्हटलं.

ते माईकमध्ये गेलं. टाळ्या विरल्या.

आणि मग मी काहीच बोलले नाही. मी तिथेच उभी राहिले. तो गुडघ्यांवर, मान वर करून माझ्याकडे बघत. आधी वाट बघत होता, मग विनवत, मग त्याच्या डोळ्यांत तो मोरीतला चौदा वर्षांचा पोरगा दिसायला लागला, चिडलेला. तो त्याला लपवता येईना, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनीही तो पाहिला. कुणी पुढे यायला तयार नव्हतं. पहिलं औक्षण माझं, ते झाल्याशिवाय बाकीच्यांचं कसं होणार? रवींद्र घड्याळाकडे बघत होता. दादा उठूही शकत नव्हता, माफी न मिळता उठायचं तरी कसं? मी त्याला तसाच ठेवला. माझं मन भरेपर्यंत. मग ताट तिथेच टेबलावर सोडलं, चपला शोधल्या आणि मैदानाबाहेर आले. मला वाटेत कुणी अडवलं नाही.

रिक्षात बसले तर दुसऱ्या बाजूने आई चढली. तिने तिथेच राहायला हवं होतं, मुलाच्या टॉवरमध्ये, जेवणाची पंगत होती. ती का आली कोण जाणे. मी विचारलं नाही. तिचाही हिशोब बाकी होता आणि तो कसा चुकता करायचा ते मला माहीत नव्हतं. तिच्याबरोबर मला राहायचं होतं, एकाच खोलीत, रोज.

कोपरच्या पुलापर्यंत आम्ही दोघी बाहेर बघत बसलो. रिक्षावाला पोरगा घाईत होता. पूल उतरला की रस्त्याची चाळण आहे, पहिल्याच खड्ड्यात रिक्षा आदळली आणि माझा हात कानापाशी गेला.

आई पुढे वाकली. तिने रिक्षावाल्याच्या खांद्याला बोट लावलं.

"हळू घे रे बाबा," ती म्हणाली. "हिचा जबडा मोडलेला आहे." मग रोजच्याच आवाजात, "हिच्या भावाने मोडला. लहानपणी. मी बघत होते."

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि वेग कमी केला.